एक खडा कमी

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी तेवीस वर्षं खंजिरांच्या मुठींवर खडे बसवायचं काम केलं. कुणी विचारलं तर "कारखान्यात जाते" एवढंच सांगायची. खंजीर म्हटलं की समोरचा दहा प्रश्न विचारणार, आणि अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. ही सवय लहानपणापासूनची. शाळा चौथीतच सुटली, त्याला घरची अडचण होतीच, पण थोडं हेही होतं. बाईंनी उभं केलं की येत असलेलं उत्तरसुद्धा तोंडातून निघायचं नाही. लिहायला मात्र मला आवडतं. लिहिताना समोर कुणी नसतं.

दिवाळी अंकात लोक आपापल्या नोकरीबद्दल लिहितात. नर्स लिहितात, पोस्टमन लिहितात, एकदा एका स्मशानातल्या कारकुनाचं वाचलं होतं. आमच्या कामाबद्दल काही वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून आधी काम सांगते.

गाळा हनीफचाचांचा. ते मूळचे उदयपूरचे, घराणं शिकलगरांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी मराठी त्यांना बोलता यायचं नाही, समजायचं सगळं. आम्ही मराठीत बोलायचो, ते हिंदीत उत्तर द्यायचे. पातं चाचा स्वतः घडवायचे. पात्यावर आणि मुठीच्या लोखंडावर बारीक छिन्नीनं आडव्याउभ्या रेघा मारून खरखरीत करायचं, त्यावर सोन्याची तार नक्षीप्रमाणे वळवत ठोकायची, मग गुळगुळीत दगडानं घासायचं, की तार लोखंडात मुरते. खऱ्या सोन्याची कामं वर्षातून एखादी. बाकी पितळ. जुन्या काळी मुठी संगयशबच्या, म्हणजे हिरवट जेड दगडाच्या, नाहीतर स्फटिकाच्या असत; आमच्याकडे साच्यात ओतलेल्या. घोड्याचं तोंड, पोपटाचं तोंड, बकऱ्याचं तोंड. त्या मुठीत फुलं कोरलेली असतात. फुलाच्या प्रत्येक पाकळीत एक खळगा, त्याला आम्ही घर म्हणतो. घरात गरम लाख भरायची, वर चकाकती पन्नी, तिच्यावर खडा दाबायचा आणि कडेनं कुंदनाची पट्टी सलाई नावाच्या टोकदार सळईनं बसवायची. ते माझं काम. पॉलिशला माझ्या शेजारी संगीता बसायची. ती जालन्याकडची, घाटकोपरच्या रमाबाई नगरात राहायची, आणि माझ्या वाटणीचं पण बोलायची. "अगं शालू, तोंड काय गावाला ठेवून आलीस?" हे तिचं रोजचं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. लग्नात नवरदेवाच्या कमरेला कट्यार लावणारे, हॉटेलच्या भिंतीवर ढाल-तलवार टांगणारे, सिनेमा-सिरियलवाले. एक जुन्या वस्तूंचे व्यापारी यायचे. ते नवीन खंजीर घेऊन जायचे आणि जुना दिसावा म्हणून ओल्या मिठाच्या मातीत पुरून ठेवायचे. एकदा अंधेरीत एका दुकानाच्या काचेआड मी माझी मूठ बघितली. बाजूला इंग्रजीत चिठ्ठी. संगीतानं वाचून सांगितलं, मोगल, अठरावं शतक. "बघ, तू तर एकदम म्हातारी झालीस गं!" असं म्हणून ती रस्त्यात खिदळत सुटली. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी घरी जाईपर्यंत मनात हसत होते.

पण चाचांचा जीव होता तो लपवलेल्या हत्यारांत. ती करायला बसले की चहा गार व्हायचा. कट्यारीच्या पोटात दुसरी कट्यार, मुठीचे दोन दांडे दाबले की एका पात्याची तीन होणारी कट्यार, कलमदानाच्या दांडीत सुरी. चाचा सांगायचे, दरबारात माणूस हत्यार बाहेर ठेवून जायचा आणि तरी जीव मुठीत धरून बसायचा, त्याच्यासाठी हे सगळं. "आणि एवढी नक्षी कशाला, चाचा?" संगीतानं विचारलं होतं. चाचा म्हणाले, "नकशी दिखाने को. आदमी फूल देखता रहता, पाता नहीं देखता." ते ऐकून मला कसंतरीच झालं. कारण फुलं माझी होती.

बोरिवलीचे एक निवृत्त साहेब गुप्तीची काठी करून मागायला आले. सकाळी फिरायला जाताना कुत्री अंगावर येतात म्हणाले. चाचांनी त्यांना आत बोथट पातं असलेली एक शोभेची काठी दिली आणि सांगितलं, "निकालो." साहेब मूठ फिरवताहेत, ओढताहेत, चष्मा घसरला. चाचा म्हणाले, "इतने में कुत्ता काट के घर पहुँच गया, साब." ते हसत परत गेले. गुप्ती बिनपरवाना विकायची नाही, हे चाचा कटाक्षानं पाळायचे. धारेच्या बाबतीत ते फार भित्रे होते. म्हणायचे, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धार लावली, म्हणून आम्हालाच तिची भीती माहीत.

त्या भीतीतूनच गाळ्याचा एक नियम होता. सिनेमावाल्यांना लपवलेलं हत्यार नेहमी दोन लागतं. एक धारेचं, कॅमेरा जवळ आणून पातं चकाकताना, पडदा नाहीतर दोर कापताना दाखवायला. दुसरं हुबेहूब तसंच पण बोथट, मारामारीला. पातं आत असल्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. म्हणून मुठीवरच्या फुलाचा शेवटचा खडा मी कधी बसवायचा नाही, तो चाचा बसवणार. बोथट हत्याराचा बसवायचे. धारेच्या हत्याराचं ते एक घर रिकामं ठेवायचे. हत्यार हातात घेतलं की अंगठा बरोबर त्या खळग्यात जायचा. चाचांच्या वडिलांची ही पद्धत. गेल्या वर्षापर्यंत तिच्यामुळे कुणाला ओरखडा उठला नव्हता.

गेल्या वर्षी होळीच्या आधी एका मोगलांच्या सिरियलसाठी फकिराच्या कुबड्यांची ऑर्डर आली. ही कुबडी चालताना टेकायची नसते. मांडी घालून बसल्यावर हात टेकायला हातभर उंचीची असते, वर आडवी मूठ. मूठ फिरवून ओढली की दांडीतून पातं बाहेर येतं. दोन केल्या. आठवडाभर चाचांना ताप होता, तसंच काम उरकलं. द्यायच्या दिवशी तर त्यांना उभंही राहवेना. संगीता रजेवर. चाचा मला म्हणाले, "बेटी, तू जा. मढ में बंगला है, वहाँ शूटिंग. प्रॉपवाला नया है, उसको बोलना, जिसका एक घर खाली, उसको धार है. इतनाच बोलना. और खडा-बिडा गिरा तो बिठाने को वहीं बैठना."

मी वर्सोव्यापर्यंत रिक्षानं गेले, होडीतून पलीकडे उतरले. वाटभर ते एक वाक्य मनात म्हणत होते. ज्याचं एक घर रिकामं, त्याला धार आहे. मराठीत सांगू की हिंदीत, तेही ठरवून ठेवलं होतं.

बंगल्यावर दोनशे माणसं असतील. वायरी, दिवे, घामानं भिजलेले शिपायांच्या वेषातले लोक. प्रॉपवाले, म्हणजे शूटिंगचं सामान सांभाळणारे, सावंत म्हणून गृहस्थ होते, पन्नाशीचे, मालवणचे. मी त्यांच्याच बाजूची, कोकणातली, म्हटल्यावर जरा गोड बोलले. "ये गो बाय, बस थय." पिशवी माझ्या हातातून घेतली आणि गेले. मी उघडलेलं तोंड मिटलं. म्हटलं, आता येतील तेव्हा सांगू.

ते आले ते धावतच, हातात एक कुबडी. मागून हेडफोन लावलेली एक मुलगी. "ये पत्थर किसने गिराया? क्लोजअप है, सर चिल्ला रहे हैं! कैसा काम करते हो तुम लोग?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. सावंत म्हणाले, "ह्येका एक खडो नाय गो. बसव बेगीन."

तेव्हा सांगायचं होतं. ती खूण आहे, खडा पडलेला नाही, एवढंच. पण दहा-पंधरा माणसं गोल करून उभी होती, आणि त्या मुलीनं "तुम लोग" म्हटलं ते मला लागलं होतं. तेवीस वर्षांत माझ्या हातचा खडा कधी पडला नव्हता. मी डबा उघडला, मेणबत्तीवर लाख नरम केली आणि त्या घरात लाल खडा बसवला. मनात हिशेब असा केला, की जवळचं चित्र घेताना धारेचीच कुबडी लागणार. ते झालं की मी परत मागून घेईन, खडा उकरून काढीन, आणि मग सावंतांना बाजूला घेऊन सांगीन. एकट्याला सांगणं मला जमलं असतं.

जवळचं चित्र झालं. टाळ्या पण झाल्या. जेवणाची सुट्टी झाली. मी गेले तर टेबलावर दोन्ही कुबड्या शेजारी शेजारी. दोन्हींची फुलं भरलेली. मी स्वतः बसवलेला खडा मलाच ओळखू येईना, इतका चांगला बसला होता. पातं ओढून बघायला हात पुढे केला तर सावंत ओरडले, "हात लावू नको! आता सेटवर जातली ती."

"दादा, त्यातली एक—" मी म्हटलं.

"जेवलंस काय? जा, जेव जा. फिश थाळी आसा."

आणि गेले. मी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिले. प्रसंग असा होता, की फकीर कुबडीतून पातं काढून बादशहावर झेपावतो आणि एक शिपाई मध्ये पडून ते पातं उघड्या हातानं धरतो. शिपाई झालेला माणूस अनिल. ज्युनिअर आर्टिस्ट, देवनारचा, पस्तिशीचा. फाइट मास्तर त्याला समजावत होते, "घट्ट पकड, घाबरू नको, बोथट आहे. तो खेचेल, तू सोडायचं नाही." अनिलनं विचारलं, "नक्की ना मास्तर?" मास्तर हसले. "अरे, पोरांच्या खेळण्यासारखं आहे."

मी तिथून पंधरा पावलांवर होते. दोनातली एक, असं मी मनात म्हणत होते. देवा, दुसरी असू दे. हे मी म्हणत होते, आणि ओरडत नव्हते.

त्यानं पातं घट्ट धरलं. फकीर झालेल्या नटानं ते खेचलं. अनिल ओरडला तेव्हा दिग्दर्शक खूश झाले, कॅमेरा चालूच राहिला. मग रक्त दिसलं. त्यानं शिकवल्याप्रमाणे हात सोडला नव्हता.

चार बोटांच्या शिरा आतून तुटल्या. ऑपरेशनं झाली. बोटं राहिली, पण मिटत नाहीत.

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी चाचांना नेलं. त्यांना नीट चालता येत नव्हतं म्हणून मी आणि संगीता सोबत गेलो. साहेबांनी विचारलं, "दोन्ही सारख्या दिसतात. खूण वगैरे काही करता की नाही?" चाचा ठामपणे म्हणाले, "करता हूँ साब. धार की चीज का एक घर खाली रखता हूँ. चालीस साल से." हवालदारानं टेबलापलीकडून दोन्ही मुठी दाखवल्या. चाचा डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते. मग ते हळू म्हणाले, "बुखार में था. मैंने ही बिठा दिया होगा, साब. मेरी भूल."

सिरियलवाल्यांचा माणूस म्हणाला, शिपायानं शिकवल्याप्रमाणे धरलंच नाही, त्याचीही चूक आहे. तेही लिहून घेतलं गेलं. जबाब घेऊन चाचांना सोडलं. माझं नाव कुठेच आलं नाही. मला कुणी काही विचारलंच नाही.

बाहेर आल्यावर संगीतानं माझ्याकडे बघितलं. "काय झालंय तुला? पांढरीफटक पडलीस." मी तिला सगळं सांगितलं, चाचांना घरी पोचवून माझ्या घराकडे असल्फ्याचा डोंगर चढताना, थांबत थांबत. तिनं मला एका पायरीवर बसवलं. मग म्हणाली, "कुणाला बोलली नाहीस ना? मग गप बस. सांगून त्याची बोटं मिटणार आहेत का? उगीच पोलिसांच्या लफड्यात पडशील. चाचा सुटलेत, झालं." मला तेच ऐकायचं होतं.

चाचा सुटले, पण परत आले ते निराळेच. सिनेमाची कामं बंद झाली. धार लावायची सान त्यांनी गोणपाटानं झाकून टाकली. घाटकोपरच्या डॉक्टरांकडे डोळे तपासून आले; डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत. चाचा म्हणाले, मग डोक्यात काही झालं असेल. बोटांची नखं बघत बसायचे. एखादा खंजीर तयार झाला की पुन्हा पुन्हा चाचपायचे, मला दाखवायचे, "देख, ठीक है ना?" आणि एक दिवस ते शेवटचे खडे ज्यात ठेवायचे ती डबी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "आजसे आखरी खडा तू बिठा, बेटी. मेरे हाथ का भरोसा नहीं. तेरे हाथ का है."

त्यांच्या घराण्यातली ती डबी. मी ती घेतली. अकरा महिने शेवटचे खडे मी बसवले.

यंदा माघात चाचांनी गाळा सोडला. मुलाकडे उदयपूरला कायमचे निघाले. छिन्न्या, हातोड्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवल्या. वडिलांची सान पण चढवली. भंगारवाला ती वर टाकताना तिचा कडेचा टवका उडाला आणि चाचांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. एवढा जीव लावलेला माणूस बघत नाही, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "चाचा, तो खडा तुम्ही बसवला नव्हता. मी बसवला. मढला." संगीतानं कपाळाला हात लावला.

मी सगळं सांगितलं. ते रिकाम्या फरशीवर बसून ऐकत होते. झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"बिठाने को कितना टाइम लगा?"

"पाच मिनिटं."

"पाँच मिनट." ते म्हणाले. "और बोलने को कितना लगता था?"

मी फरशीवरचा लाखेचा वाळका थेंब नखानं खरवडू लागले.

"मैं सोचता था मैं पागल हो गया, शालिनी." बेटी म्हणायचे ते मला; नावानं हाक त्या दिवशी पहिल्यांदा मारली. मग भिंतीला धरून उठले. मी पाया पडायला वाकले तर बाजूला झाले. दारातून म्हणाले, "मुझे बोल के क्या फायदा? मेरा हाथ तो साबूत था. जिसका कटा उसको बोल." त्यानंतर मी दोनदा फोन केला. मुलगा म्हणतो, अब्बा झोपलेत.

देवनारला जायला मला आणखी तीन आठवडे लागले. संगीता म्हणाली, मी येते, मीच बोलते. मी नको म्हटलं.

अनिलची खोली गल्लीच्या टोकाला, पुढे कचऱ्याच्या डंपिंगची भिंत. वासाची सवय नसलेल्याला बसवत नाही. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मी त्या कुबड्यांच्या कारखान्यातली म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला, पण आत घेतलं आणि दार लोटलं. अनिल डाव्या हातानं लसूण सोलत होता. उजवा मांडीवर ठेवलेला, बोटं सरळ.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "तो खडा मी बसवला होता."

"कसला खडा?" तो म्हणाला.

त्याला काहीच माहीत नव्हतं. पद्धत नाही, रिकामं घर नाही, काही नाही. आम्ही ज्याच्यासाठी ती खूण ठेवत होतो, त्या माणसाला ती कधी कुणी सांगितलीच नव्हती. मी खाली बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. मधेच थांबत होते, पण सांगितलं. तो लसूण सोलायचा थांबला.

"म्हणजे धारेची होती, आणि तशी खूण पण होती?"

"होती."

"आणि ती तुम्ही बुजवली."

"हो. आणि तुम्ही पकडलंत तेव्हा मी तिथेच होते. मला शंका होती. मी ओरडले नाही."

त्याची बायको मोरीशी उभी होती. ती माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे तुम्ही बरोबर धरलं होतं," ती म्हणाली.

"मी काय सांगत होतो तुला वर्षभर?" तो म्हणाला. "मास्तरनी दाखवलं तसंच धरलं होतं. तू पण म्हणालीस, नशेत असशील."

तिनं पदरानं हात पुसले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आख्खी गल्ली ह्यांना बावळट म्हणते. पातं धरलं म्हणून पोरं ह्यांची नक्कल करतात. तुम्ही एवढं हळू बोललात, मलाच निम्मं ऐकू आलं." तिनं जाऊन दार सताड उघडलं. बाहेर नळावर बायका होत्या, समोरच्या ओट्यावर पत्ते खेळणारे पुरुष होते. सगळे आत बघायला लागले.

"आता परत सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मी उठून दारात गेले. मी परत पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं, आणि नळावरच्या एका म्हातारीनं "काय म्हणते गं ती?" असं विचारल्यावर तिसऱ्यांदा सांगितलं.